रॅन्समवेअर आल्यावर आम्ही ती डिस्क फॉरमॅट केली नाही

सांगलीत सीएंच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काम करते. दोन भागीदार, आम्ही काही जुने कर्मचारी आणि आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी, मुलं. पार्ट्या म्हणजे तासगावकडचे बेदाणा व्यापारी, मार्केट यार्डातले हळदीचे अडते, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने, काही पतसंस्था. माझं मुख्य काम जीएसटीचं. पण नेट गेलं, प्रिंटर दिसेना, कुणाचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेना, की हाक मलाच येते. लहान कार्यालयांत असं एक माणूस असतंच, पगार हिशेबाचा आणि देखरेख संगणकांची. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून त्या सोडवायला पैसे मागणारा प्रोग्राम, आलं आणि त्यातल्या बऱ्याचशा फायली आम्हाला परत मिळाल्या त्या २०२५ च्या पावसाळ्यात. मधे काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते आहे, कारण त्या सकाळी मी मराठीत शोधलं तेव्हा माझ्यासारख्या कार्यालयातल्या माणसाला उपयोगी पडेल असं काही हाती लागलं नव्हतं.

सोमवार, २५ सप्टेंबर. शनिवारी पाचव्या दिवसाचे गणपती गेले होते. टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठी पार्ट्यांचे हिशेब तपासून अहवाल देण्याची, मुदत ३० तारखेला संपत होती. मधे २८ ला अनंत चतुर्दशी आणि २९ ला ईदची सुट्टी. ज्यांनी सीएच्या कार्यालयात सप्टेंबर काढलाय त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सकाळी लवकर आलेल्या मुलाचा फोन आला, "ताई, टॅलीत एकही कंपनी दिसत नाही."

सर्व्हर उघडला तर प्रत्येक फायलीच्या नावामागे एक लांब शेपूट लागलेलं. आधी कंसात आकडे आणि अक्षरं, मग एक ईमेल पत्ता, शेवटी 'एल्बी'. एक्सेल, पीडीएफ, स्कॅन, टॅलीचा डेटा, काहीच त्यातून सुटलं नव्हतं. डेस्कटॉपवर 'इन्फो' नावाच्या दोन फायली होत्या. त्यात लिहिलेलं की या पत्त्यावर मेल करा, बिटकॉइनमध्ये पैसे द्या, फायलींची नावं बदलू नका, दुसऱ्या कुणाकडून उघडायला गेलात तर डेटा कायमचा जाईल. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे नेटवर्क स्विचचा प्लग काढला. सगळी यंत्रं एकमेकांपासून आणि इंटरनेटपासून एका झटक्यात सुटी झाली. कारण सर्व्हरचा फोल्डर आमच्याकडे प्रत्येकाच्या संगणकावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेला होता, आणि असं रॅन्समवेअर जोडलेल्या ड्राइव्हमधल्या फायलींनाही सोडत नाही. सर्व्हर मात्र बंद केला नाही. चालू यंत्राच्या मेमरीत तपासाला उपयोगी पडेल असं काही असू शकतं, ते बंद केल्यावर जातं. स्क्रीनचे, फायलींच्या नावांचे आणि त्या संदेशाचे मोबाइलवर फोटो काढले, फोटोत तारीख-वेळ येईल असे. कुणीही कसल्याही मशीनला पेनड्राइव्ह लावायचा नाही, असं मोठ्या अक्षरांत लिहून दाराला चिकटवलं.

बॅकअप होता. बाहेरची हार्ड डिस्क रोज रात्री आपोआप बॅकअप घ्यायची. पण ती सर्व्हरला कायम लावलेली, त्यामुळे तिच्यातल्याही फायलींना तेच शेपूट. विंडोज स्वतः ठेवते त्या जुन्या प्रतीही पुसलेल्या होत्या. हे असं ठरवूनच केलं जातं. पैसे दिल्याशिवाय दुसरा रस्ता उरू नये, हाच त्यांचा धंदा आहे.

नेहमीचा हार्डवेअरवाला दादा अकरा वाजता आला. पाहून म्हणाला, "मॅडम, आता यात काही नाही. फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, संध्याकाळपर्यंत काम सुरू." तो मनापासूनच म्हणत होता. मुदत डोक्यावर होती आणि दहा माणसं हात बांधून बसलेली. मोठ्या सरांनी मला विचारलं, "डेटा परत येण्याची आशा आहे का?" आज नाही, पण डिस्क पुसली तर कधीच नाही, असं मी सांगितलं. सरांनी क्षणभर विचार करून दादाला सांगितलं, "नवीन डिस्क आण. ही काढून ठेव." या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तो होता, आणि त्याला लागले नव्या एसएसडीचे साडेचार हजार रुपये.

मग तक्रारी. १९३० ला फोन लावला. ही हेल्पलाइन मुख्यतः खात्यातून पैसे गेले असतील तर ते वाटेत रोखण्यासाठी आहे. आमचे पैसे गेले नव्हते, म्हणून त्यांनी राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जायला सांगितलं. पोर्टलवर नाव, ओळखपत्र, घटना कधी लक्षात आली, मागणीचा मजकूर, ईमेल पत्ता हे सगळं लागतं. ते आधीच एका कागदावर लिहून ठेवलं की फॉर्म भरताना धांदल होत नाही. शेवटी पोचक्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

दुसरी तक्रार सर्ट-इनकडे. ही केंद्र सरकारची संगणक सुरक्षेची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. धाकट्या सरांना वाटलं, हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल. पण आदेशात 'बॉडी कॉर्पोरेट' असा शब्द आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मध्ये त्याची जी व्याख्या आहे, तिच्यात भागीदारी फर्म आणि एकट्याचा व्यवसायही येतो. वेळ होता, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरून दुपारी मेल केला. नंतर उत्तर आलं, त्यात काय करावं याच्या सूचना होत्या आणि लॉग, म्हणजे संगणक स्वतः ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदी, मागितले होते. डेटा ते सोडवून देत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. पण पोलिसांकडे अर्ज देताना आम्ही केलेल्या मेलची प्रत जोडली आणि तिचा उपयोग झाला.

संध्याकाळी सायबर पोलीस ठाण्यात गेलो. लेटरहेडवरचा अर्ज, भागीदारी पत्राची प्रत, सही करणाऱ्याला अधिकार असल्याचं पत्र, फोटोंच्या छापील प्रती, पोर्टलचा पोचक्रमांक, सर्ट-इनला केलेल्या मेलची प्रत एवढं नेलं होतं. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून संबंधित साहेब भेटेपर्यंत थांबावं लागलं. गुन्हा नोंद झाला तो कलम ४३ सह ६६ खाली. पुढच्या आठवड्यांत काही फेऱ्या झाल्या. डिस्कचा पंचनामा झाला, तेव्हा डिस्कचं 'हॅश' काढून पंचनाम्यात लिहिलं. हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या माहितीतून निघणारा एक लांब आकडा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो, त्यामुळे पुराव्यात फेरफार झाला नाही हे दाखवता येतं. छापील फोटोंबरोबर भारतीय पुरावा कायद्याच्या ६५बी कलमाचं प्रमाणपत्र द्यावं लागलं. आता तो कायदा बदललाय, पण प्रमाणपत्र लागतंच. मूळ डिस्क जमा झाली आणि तिची हुबेहूब प्रत त्यांच्या परवानगीने आमच्याकडे राहिली. ही प्रत मागून घ्यायला विसरू नका.

पैसे द्यायचे का, हा प्रश्न दोन दिवस कार्यालयात होता. पार्टनरांनी दार लावून चर्चा केली, मग मलाही आत बोलावलं. पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याने फोनवरच "ऐंशी हजार, नव्वद टक्के खात्री" असं सांगितलं. डिस्क न बघता खात्री कशी, असं विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही. असे काही जण गुपचूप हल्लेखोरांनाच पैसे देऊन किल्ली, म्हणजे फायली सोडवणारा कोड, घेतात आणि वर आपला नफा लावतात. म्हणून कुणी खात्री दिली की ती कशाच्या जोरावर, हे लेखी मागा. मी नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर गेले. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं, आणि ते मोफत आहे. तिथे लॉक झालेल्या लहान फायली आणि मागणीचा मजकूर चढवला की कोणतं रॅन्समवेअर आहे ते सांगतात. त्यासाठी पार्टीचा डेटा द्यायचा नव्हता म्हणून विंडोजच्याच नमुना चित्रांच्या लॉक झालेल्या फायली वापरल्या. नाव कळलं, फोबोस. आणि उपाय? त्या दिवशी उपलब्ध नव्हता.

मोठे सर म्हणाले, "पैसे देऊन किल्ली येईलच असं नाही, आणि आली तरी पुढच्या कार्यालयाला लुटायला आपण भांडवल दिलं असं होईल." विषय तिथे संपला.

आता ३० तारखेचं काय? इथे मला खरा दिलासा मिळाला तो सरकारी पोर्टलांचा. जीएसटीआर-१, ३बी आणि २बी ही जीएसटीची विवरणं पोर्टलवरून उतरवून घेता येतात. २६एएस, एआयएस (कापलेल्या कराचे आणि उत्पन्नाचे तपशील), जुनी विवरणपत्रं आयकराच्या पोर्टलवर असतातच. बँकांनी खातेउतारे एक्सेलमध्ये मेल केले. बऱ्याच पार्ट्यांचं टॅली त्यांच्या दुकानात होतं, त्यांच्याकडून पुन्हा बॅकअप मागवला. एक आर्टिकलचा मुलगा गणपतीआधी कुपवाडला ऑडिटला बसला होता, त्याच्या लॅपटॉपवर काही कारखान्यांचा डेटा होता, तो लॅपटॉप तपासून मगच उघडला. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनमध्ये असतात, त्या सुरक्षित होत्या. विसर्जनाच्या दिवशीही बाहेर ढोल वाजत असताना आम्ही आत नोंदी करत बसलो होतो. कार्यालयातल्या मामांनी सगळ्यांना मोदक आणून दिले. बहुतेक ऑडिट मुदतीत अपलोड झाली. थोडी राहिली, त्या पार्ट्यांना सरांनी स्वतः फोन करून खरं कारण सांगितलं.

जे परत मिळण्यासारखं नव्हतं ते सरांचे वर्किंग पेपर (ऑडिट करतानाची टिपणं), जुन्या भागीदारी पत्रांचे आणि खरेदीखतांचे स्कॅन, बंद झालेल्या पार्ट्यांच्या फायली.

आणि एक गोष्ट माझी झोप उडवणारी होती. सर्व्हरवर एक एक्सेल शीट होतं, सगळ्या पार्ट्यांचे आयकर, जीएसटी आणि टीडीएस पोर्टलचे लॉगिन आणि पासवर्ड. जवळजवळ प्रत्येक करसल्लागाराकडे असं शीट असतं. हल्लेखोरांनी फायली फक्त लॉक केल्या की आधी उचलूनही नेल्या, हे आम्हाला ठरवता येत नव्हतं. म्हणून गेल्या असं धरूनच चाललो. ऑक्टोबरचा बहुतेक वेळ पासवर्ड बदलण्यात गेला. ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर जातो, तो मोबाइल कधी मुलाचा, कधी जुन्या मुनीमजींचा, कधी बंद पडलेला. प्रत्येकाला आधी पटवून द्यायचं की मी खरंच कार्यालयातूनच बोलतेय. एका अडत्यांनी ओटीपी द्यायला नकार दिला आणि स्वतः येऊन बसले. मला त्यांचं वागणं फार योग्य वाटलं. आता ते पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत आणि मुख्य पासवर्ड दोन भागीदारांना आणि मलाच माहीत आहे.

हल्लेखोर आत आले कुठून? राउटरच्या सेटिंगमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवलेलं सापडलं. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून संगणकात यायचं दार, आणि हे रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दूरवरून तो संगणक चालवण्याचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून टॅली चालावं म्हणून बाहेरच्या एका तंत्रज्ञाने ते उघडून दिलं होतं, आणि कामं कार्यालयात परत आली तरी ते उघडंच राहिलं. इंटरनेटवर असं उघडं पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. सापडलं की पासवर्ड चालवून बघायचे, लागेपर्यंत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडला तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग संपेचना. यशस्वी लॉगिनचा क्रमांक ४६२४, आणि त्यात लॉगिनचा प्रकार १० लिहिला असेल तर तो माणूस रिमोट डेस्कटॉपने आलेला असतो. रविवारी रात्रीच्या तशा नोंदी मिळाल्या, परदेशी आयपी पत्त्यासकट. वापरलेलं खातं होतं 'टॅली', आणि ते प्रशासकाचे सगळे हक्क असलेलं. लॉगची जागा ठरावीक असते, भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून लॉगची फाइल पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवावी. त्याच राउटरवर सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठीही एक पोर्ट उघडं होतं. तेही बंद केलं.

नवी मांडणी करायला दिवाळी उजाडली. राउटर बदलला, त्यात व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कार्यालयात यायचा सुरक्षित खासगी मार्ग, आहे. घरून काम करायचं तर आधी व्हीपीएन, मगच सर्व्हर. बाहेरून उघडं पोर्ट एकही नाही. प्रत्येकाचं स्वतंत्र खातं, रोजच्या कामाला प्रशासकाचे हक्क कुणालाच नाहीत, सरांनाही नाहीत, आणि त्यांनी ते विनातक्रार मान्य केलं. दहा वेळा पासवर्ड चुकला की खातं काही वेळ लॉक होतं. विंडोज ७ ची दोन यंत्रं होती, त्यांना जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट येत नव्हते, ती काढली. बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क. एक बॅकअपपुरतीच लावायची, दुसरी सरांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. शिवाय एक प्रत क्लाउडवर, जिथे फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. महिन्यातून एकदा बॅकअपमधून कुठलीही एक कंपनी परत उघडून बघते. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. राउटर, डिस्क, विंडोजचे परवाने, क्लाउड आणि तंत्रज्ञांची फी मिळून सव्वा लाखाच्या आसपास खर्च झाला. त्यातला दोन हार्ड डिस्कचा आणि पोर्ट बंद करण्याचा भाग आठनऊ हजारांत होतो. पैसे कमी असतील तर तेवढं आधी करा.

ती लॉक झालेली प्रत मी पाकिटात घालून, वर तारीख, रॅन्समवेअरचं नाव आणि 'पुसू नये' असं लिहून तिजोरीत ठेवली. मागणीच्या दोन्ही फायलीही त्यातच. मधूनमधून नो मोअर रॅन्सम उघडून बघायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली, फोबोस चालवल्याचा आरोप असलेल्या एका रशियन नागरिकाला दक्षिण कोरियातून अमेरिकेत नेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये आणखी काही जण पकडले गेले. मी कात्रणं सरांच्या टेबलावर ठेवत होते. आणि जुलैमध्ये जपानच्या राष्ट्रीय पोलिसांनी फोबोस आणि त्याच्यावरच बेतलेलं ८बेस यांनी लॉक केलेल्या फायली सोडवणारा मोफत प्रोग्राम जाहीर केला. त्या यादीत 'एल्बी' होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

घाई केली नाही. आधी प्रतीचीच आणखी एक प्रत केली. रिकामा केलेला एक जुना संगणक घेतला, नेटवर्कला न जोडलेला. प्रोग्राम जपानी पोलिसांच्या संकेतस्थळावरून घेतला, दुसरीकडून कुठूनही नाही. तरी ब्राउझरने धोकादायक म्हणून अडवलं. पत्ता पुन्हा तपासला, सरांना दाखवलं, मग परवानगी दिली. इंग्रजीत मार्गदर्शिका आहे, ती छापून शेजारी ठेवली. कोणता फोल्डर सोडवायचा आणि सोडवलेल्या फायली कुठे ठेवायच्या एवढंच विचारतं. पहिल्यांदा फक्त एक लहान फोल्डर दिला. थोड्या वेळाने एका खरेदीखताचा स्कॅन स्क्रीनवर उघडला, शिक्क्यासकट, स्वच्छ. धाकटे सर मागेच उभे होते. त्यांनी मोठ्या सरांना हाक मारली, आणि मग सगळं कार्यालय त्या जुन्या संगणकाभोवती जमलं. मला रडू आलं, ते लपवलं नाही.

पूर्ण डिस्कला रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला. काही फायली सुटल्या नाहीत, आणि टॅलीच्या काही कंपन्या सुटूनही खराब निघाल्या. त्यांचा डेटा आमच्याकडे नव्याने उभा केलेला होता, त्यामुळे अडलं नाही. सुटलेल्या सगळ्या फायली अँटिव्हायरसने तपासून मगच नव्या सर्व्हरवर नेल्या.

तपास अधिकाऱ्यांना पत्राने कळवलं, गुन्ह्याचा क्रमांक आणि प्रोग्राम कुठून घेतला ते लिहून. गुन्हा अजून तपासावर आहे. ज्यांच्याकडे फोबोस, ८बेस, एल्बी किंवा फाउस्ट अशा शेपटांच्या फायली असलेली जुनी डिस्क कपाटात पडून असेल, त्यांनी ती आधी एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि नो मोअर रॅन्समवर फोबोसचं पान उघडावं. शेपूट दुसरंच असेल तर तिथेच एखादी लॉक झालेली लहान फाइल चढवून नाव काढून घ्या आणि दर काही महिन्यांनी पुन्हा बघत राहा.